सुलतानाचे सात पाहुणे

सुलतानाच्या नावापुढे फॉर्मवर जो सातचा आकडा आहे तो माझ्या अक्षरातला आहे, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून दुसऱ्या कुणी येऊन सांगण्यापेक्षा ते बरं. असली बातमी पोचवायला आमच्या गावात माणसं अनवाणी धावतात.

गावाला कागदोपत्री नाव आहे, पण आम्ही नुसतं कास्त्रो म्हणतो, म्हणजे किल्ला. तटाच्या आत तीन चर्च, दोन विहिरी, एक कॉफीचं दुकान आणि तटाला पाठ लावून बसलेली एकतीस घरं. तट व्हेनिसवाल्यांनी बांधला, तुर्कांनी फोडला, मग त्यांनीच पुन्हा बांधला, आणि ते गेल्यावर आमच्या पणजोबा-खापरपणजोबांनी तो हळूहळू घरी नेला. कुणी उंबऱ्याला लावला, कुणी चुलीला, कुणी डुकराच्या खुराड्याला. याला आमच्याकडे चोरी म्हणत नाहीत. तटाचा दगड घरात आला की तो पाहुणा. ‘आमच्याकडे तीन पाहुणे आहेत’ असं कुणी म्हटलं की समजायचं, हे घराणं जुनं आहे. पंधरा ऑगस्टला, मारियामातेच्या सणाला, घरची बाई जेवणाआधी पाहुण्यावर घोटभर वाइन ओतते. आधी पाहुण्याला, मग नवऱ्याला.

सुलतानाच्या घरात पाहुणा नव्हता.

तिचा बाप प्रोद्रोमोस एकोणीसशे बावीस साली समुद्रापलीकडून आला, तुर्कांनी हाकलून दिलेल्या ग्रीकांच्या जहाजातून. एक बायको, एक गादी आणि पाच वर्षांची सुलताना एवढं घेऊन तो धक्क्यावर उतरला. तेही ग्रीक, आम्हीही ग्रीक, देव एकच, क्रूस एकच. पण आमच्या लोकांनी त्यांना पहिल्याच आठवड्यात ‘तुर्काचं बी’ म्हणायला सुरुवात केली. मला याची लाज वाटते, पण तेव्हा मी जन्मलो नव्हतो, म्हणून फार वाटत नाही. पुढच्या गोष्टींची वाटते.

प्रोद्रोमोसला तटाच्या टोकाला उकिरड्याची जागा मिळाली. घर बांधायला त्यानं तटाचे पडलेले दगड मागितले. ‘पडले म्हणून काय झालं, आमचेच आहेत ते,’ असं त्याला सांगण्यात आलं. मग त्यानं वेशीबाहेरच्या कोरड्या ओढ्यातून दगड आणले. सबंध हिवाळा तो पाठीवरून दगड वाहत होता आणि त्याच्यामागून सुलताना छिन्नी घेऊन चालत होती. त्यातला एक लांबलचक दगड त्यानं स्वतः घडवून चुलीच्या वर आडवा बसवला. घर उभं राहिलं. तटाला टेकलेलं एकतिसावं घर. मागची भिंत म्हणजे खुद्द तटच होता, पण आमच्या लेखी तो पाहुणा नव्हे. पाहुणा घरात यावा लागतो, दारात उभा राहून चालत नाही.

“नाव सुलताना आणि घरात एक पाहुणा नाही,” असं बायका विहिरीवर म्हणत. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातली गत.

वीस वर्षांची झाल्यावर गेरासिमोस तिच्या मागे लागला. गेरासिमोसचं घर म्हणजे कास्त्रोतलं पहिलं घर. दारावर व्हेनिसचा पंखवाला दगडी सिंह, तटाच्या दरवाज्यावरून उतरवून आणलेला. पोरगा रोज कुठलं तरी जाळं फाडायचा आणि ते सुलतानाकडे शिवायला न्यायचा. शेवटी त्याच्या आईनं सुलतानाच्या आईला विहिरीवर गाठलं.

“मुलगी तुझी कामसू आहे, नाकीडोळी नीटस आहे,” ती म्हणाली. “पण पाहुणा नसलेल्या घरातून सून आणली तर माझ्या सिंहाला काय वाटेल?”

सिंहाला काय वाटलं कोण जाणे. गेरासिमोसला काही वाटलं नसावं, कारण पुढच्या ईस्टरनंतर त्यानं पाच पाहुणे असलेल्या घरातल्या कालिरोईशी लग्न केलं. सुलतानानं त्यानंतर कुणाशीच केलं नाही. आईबाप गेले, ती एकटी जाळी शिवत राहिली. जीभ मात्र तिची सुईपेक्षा तिखट झाली. आम्ही तिला कधी ‘किरा सुलताना’ म्हटलं नाही. किरा ही मानाची हाक. मासेवालीला आम्ही किरा म्हणायचो, हिला नुसतं सुलताना. आणि दरवर्षी पंधरा ऑगस्टला, गल्लीभर वाइनचा वास सुटला की तिचं दार बंद व्हायचं. एकदा मी विचारलं, “काय गं, सणाला दार लावून काय करतेस?”

“निजते,” ती म्हणाली. “तुमच्यासारखी दगडांना दारू पाजण्यापेक्षा बरं.”

शहाऐंशी साली अथेन्सहून आर्किटेक्ट बाई आली. तरुण, उन्हानं लाल झालेली, गळ्यात कॅमेरा. समुद्राकडचा मोठा दरवाजा ढासळला होता तो पुन्हा उभा करायचा होता, आणि त्यासाठी तटाचे मूळ दगड कुठे कुठे गेले याची पाहणी करायची होती. मी नगरपालिकेत कारकून. फॉर्म भरायला मला तिच्याबरोबर धाडलं. बाई हुशार होती. पहिल्याच दिवशी तिनं ‘पाहुणा’ हा शब्द उचलला आणि घरोघरी तोच प्रश्न विचारायला लागली: “किरा, तुमच्याकडे पाहुणे किती?”

झालं! आमच्या लोकांना दुसरं काय हवं? सरकार दारात येऊन विचारतंय, तुम्ही किती जुने? ज्याच्याकडे दोन, त्यानं चार सांगितले. न्हाव्याच्या घरात एकही नव्हता, त्यानं अंगणातला सिमेंटचा ठोकळा दाखवून एक लिहायला लावला. किरा कालिरोईनं आमच्यासमोर सिंहाचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं आणि सरळ अकरा सांगितले. माझ्या आईकडे तीन होते, तिनं सहा सांगितले. मी सहा लिहिले. आईला खोटं कोण पाडणार?

शेवटचं घर सुलतानाचं. तिनं अंगण झाडून, चुना लावून ठेवलं होतं. टेबलावर बशीत शिजवलेल्या बिहीफळाचा गोड मुरंबा, चमचा, थंड पाण्याचा पेला. एकोणसत्तर वर्षांची बाई, नव्या नवरीसारखी केस विंचरून उभी. आर्किटेक्ट बाईनं मुरंबा खाल्ला, पाणी प्यायलं आणि विचारलं, “किरा सुलताना, तुमच्याकडे पाहुणे किती?”

कास्त्रोत तिला किरा म्हणणारं ते पहिलं माणूस. सुलतानानं माझ्याकडे एकदा पाहिलं.

“सात,” ती म्हणाली.

मी भिंतींवर नजर फिरवली. ओढ्यातले गोटे आणि गोटेच. “कुठे कुठे?” मी मुद्दाम विचारलं.

“तू लिही रे, लिनार्दो. चुलीवरचा एक, दाराचे दोन, खिडकीचे चार. झाले सात. का तुझ्या आईचेच तेवढे मोजता येतात तुला?”

आर्किटेक्ट बाई फोटो घेत होती. मी लिहिलं: सात. पुढच्या रकान्यात लिहिलं: प्रत्यक्ष पाहिले. का लिहिलं? दयेनं नव्हे. दया आली असती तर मीच मला बरा वाटलो असतो. संध्याकाळी कॉफीच्या दुकानात सांगायला गंमत मिळाली म्हणून लिहिलं. सांगितलीही. दुकान हसून हसून लोळलं. आठवडाभर तिला बघितलं की कुणी ना कुणी विचारायचं, “काय सुलताना, पाहुणे बरे आहेत ना?” आणि ती मान ताठ ठेवून म्हणायची, “बरे आहेत. तुमची चौकशी करत होते.” खरं सांगतो, त्या आठवड्यात ती सुखात होती.

वर्षानं अथेन्सहून कागद आला. ज्या घरांच्या बांधणीत तटाचे दगड आहेत ती घरं उतरवून ते दगड दरवाज्यात परत बसवण्यात येतील, बाकीची घरं राहतील. ज्याची हरकत असेल त्यानं पंधरा दिवसांत लिहून द्यावं की आपल्या घरात तटाचा दगड नाही, आणि त्याखाली कास्त्रोत जन्मलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. बरोबर यादी. यादीत एकतीसच्या एकतीस घरं.

ते पंधरा दिवस मी विसरणार नाही. पंचक्रोशीत सिमेंटचं पोतं उरलं नाही. ज्या पाहुण्यांना दीडशे वर्षं वाइन पाजली त्यांच्या तोंडावर लोकांनी एका दुपारीत गिलावा थापला. सिंहाचे पंख छिन्नीनं तासून वर निळा रंग दिला. गेरासिमोस तेव्हा नगराध्यक्ष होता. त्यानं न्हाव्यासाठी सही केली, न्हाव्यानं त्याच्यासाठी. माझ्या आईच्या कागदावर दोघांनी केली. क्रूसाची शपथ घेऊन लिहून दिलं की आमच्या घरात पाहुणा नाही, कधीच नव्हता. तीस कागद मी शिक्का मारून पाठवले.

सुलताना चौदाव्या दिवशी कचेरीत आली.

“खोड ते सात,” ती म्हणाली.

“असं खोडता येत नाही. हरकतीचा कागद दे.”

“दे लिहून. माझ्या घरात एकही नाही. तुला ठाऊक आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे. जन्मभर तुम्ही तेच तर सांगत आलात मला.”

“दोन साक्षीदार लागतील. कास्त्रोत जन्मलेले.”

ती कॉफीच्या दुकानात गेली. मी मागोमाग गेलो. गेरासिमोस आणि न्हावी पत्ते खेळत होते. सुलताना टेबलाशी उभी राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं खाली बघून बोललेलं मी पाहिलं. “मी खोटं सांगितलं होतं,” ती म्हणाली. “माझ्या घरात पाहुणा नाही. सह्या करा.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

“असं कसं, सुलताना,” न्हावी पत्त्यांतून मान वर न करता म्हणाला. “तूच तर गावभर सांगत होतीस सात म्हणून. आता मी देवाची खोटी शपथ कशी घेऊ?”

हा माणूस आठ दिवसांत नऊ खोट्या शपथा घेऊन बसला होता. दहावी खरी होती, ती तेवढी जड झाली.

सुलतानानं गेरासिमोसकडे पाहिलं. “तू तरी. तू आमच्या घरात सतरा वेळा आला असशील जाळं घेऊन. सांग, होता का एक तरी पाहुणा?”

गेरासिमोसनं पत्ता टाकला. “सुलताना, एकतीसच्या एकतीस घरांनी नाही म्हटलं तर अथेन्सवाले पुन्हा येतील,” तो हळूच म्हणाला. “गिलावा खरवडून बघतील. एक तरी घर राहायला हवं यादीत. तुला मी वरच्या रस्त्याला सरकारी इमारतीत खोली देववतो. नळ आहे, संडास आत आहे. इथे काय आहे तुझं?”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तिनं मग माझ्याकडे पाहिलं. मी कास्त्रोत जन्मलेला. मी म्हटलं, “मी कारकून आहे, मला सही करता येत नाही.” येत होती. नियमात कुठेही मनाई नव्हती, मी तो नियम तोंडपाठ असणारा माणूस. पण माझ्या आईचे तीन पाहुणे आदल्याच दिवशी गिलाव्याखाली गेले होते आणि गिलावा अजून ओला होता.

घर उतरवलं त्या दिवशी आर्किटेक्ट बाई आली. सुलतानानं तिला हाताला धरून भिंतीपाशी नेलं. “हे बघ बाई, हे ओढ्यातले. माझ्या बापानं वाहिले. या चुलीवरच्या दगडावर त्याच्या छिन्नीचे घाव आहेत, हात लाव.” बाईनं हात लावला. तिला कळलं. तिचा चेहरा मी पाहिला, शंभर टक्के कळलं. ती म्हणाली, “किरा सुलताना, तीस घरं माझ्या हातून गेली. दरवाजा नुसत्या नव्या दगडाचा केला तर लोक विचारतील, जुनं कुठे आहे. मला काहीतरी दाखवायला हवं.” आणि डोळे पुसत तिनं लाल रंगानं दगडांवर आकडे घातले. एक ते सात. चुलीवरच्या दगडाला एक नंबर.

एकोणनव्वद साली दरवाजा उघडला. मंत्री आले, बँड आला, गेरासिमोसनं ‘आमच्या पूर्वजांचे दगड’ यावर भाषण केलं. सगळा दरवाजा नव्या पांढऱ्या दगडाचा, आणि त्यात सात जुने. उजव्या हाताला, छातीच्या उंचीवर, चुलीवरचा तो लांब काळा दगड. त्याच्याखाली पितळेची पाटी: ‘मूळ बांधकाम. तुर्कांच्या वेढ्यातील आगीच्या खुणा.’

ती आग म्हणजे सुलतानाच्या घेवड्याच्या कालवणाची. पासष्ट वर्षं त्या चुलीवर शुक्रवारी घेवडा आणि रविवारी मिळाला तर मासा शिजला, त्याची ती काजळी. जिथे चूल होती तिथे आता हिरवळ लावली आहे आणि ‘पाय ठेवू नये’ अशी पाटी.

सुलताना रोज वरच्या रस्त्यावरून काठी टेकत खाली यायची आणि दरवाज्यापाशी बसायची. प्रवासी आले की दगडाकडे बोट करून ओरडायची, “माझा आहे तो! घेवड्याची काजळी आहे, घेवड्याची!” त्यांना भाषा कळायची नाही. वाटायचं, म्हातारी वेढ्यातल्या मेलेल्यांसाठी रडते आहे. ते टोपी काढायचे आणि तिचा फोटो घ्यायचे.

तीन वर्षं हे चाललं. मग एके दिवशी ती माझ्या घरी आली. मी निवृत्त झालो होतो. “सात तू लिहिलेस,” ती म्हणाली. “आता शून्य लिही. घर नको मला. पाटी तेवढी काढायला सांग. माझ्या बापाचा घाम आहे तो, त्याला तुर्कांची आग म्हणतात.”

लिहिलं. या वेळी सगळं खरं लिहिलं, खोटा फॉर्म मी भरला हेसुद्धा. पाच महिन्यांनी उत्तर आलं, नेमकं पंधरा ऑगस्टच्या सकाळी. दरवाज्यापाशीच मी ते तिला वाचून दाखवलं: ‘सदर दगडाचे मूळ स्थान १९८६ च्या पाहणीत नगरपालिकेचे कारकून श्री. लिनार्दोस यांनी प्रत्यक्ष पाहून नोंदविले असून, त्याबाबत शंका घेण्यास कारण दिसत नाही.’

अर्ज करणाराही लिनार्दोसच, म्हणजे मीच होतो, हे तिकडे कुणाच्या लक्षात आलं नसावं. सुलतानानं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, “बरं अक्षर आहे तुझं. टिकलं.”

एवढ्यात चर्च सुटलं आणि माणसं दरवाज्याकडे यायला लागली. गिलाव्याखाली पाहुणे गेल्यापासून वाइन कुठे ओतायची हा कास्त्रोत प्रश्नच झाला होता. भिंतीवर ओतली तर निळा रंग निघायचा. मग पहिल्या वर्षी कुणीतरी दरवाज्यातल्या काळ्या दगडावर ओतली, दुसऱ्या वर्षी दहा घरांनी, आणि आता रांग लागायला लागली होती. पेले घेऊन, नवे कपडे घालून. पुढे किरा कालिरोई. त्या रांगेत मीही जाऊन उभा राहिलो, कारण बायको आजारी होती आणि तिनं पेला माझ्या हातात दिला होता.

सुलताना दगडासमोरच बसली होती. उठेना.

“सरक गं जरा, सुलताना,” किरा कालिरोई म्हणाली, आणि खरं तर प्रेमानंच म्हणाली. “हे आमच्या कास्त्रोच्या लोकांचं आहे. तुला नाही कळायचं.”

सुलताना काठीवर जोर देऊन उठली. मला वाटलं, आता ती काठी उगारणार. ती दगडाकडे वळली. पंचाहत्तर वर्षांची बाई, त्या काळ्या दगडाला तिनं एकदा नीट न्याहाळलं, त्याच्या छिन्नीच्या घावांवरून अंगठा फिरवला, आणि हात मागे घेतला.

“ओता, ओता,” ती म्हणाली. “तुमचाच आहे आता. तुमच्यात राहून खोटं बोलायला शिकला.”

ती चालू लागली. हिरवळीवरून, जिथे चूल होती तिथून, पाटीकडे न बघता. तिला कुणी अडवलं नाही. त्यानंतर ती कधी दरवाज्याकडे आली नाही, आणि दीड वर्षानं त्या वरच्या खोलीतच गेली.

किरा कालिरोईनं वाइन ओतली. मग न्हाव्याच्या सुनेनं. माझी पाळी आली तेव्हा दगड ओला होऊन चकाकत होता आणि काजळीचा एक काळा ओघळ पितळी पाटीवर आला होता. मी सुलतानाकडे पाहिलं, ती वळणावर पोचली होती. मागून कुणीतरी म्हणालं, “आटपा की लिनार्दो, ऊन चढतंय.”

मी पेला रिकामा केला आणि पुढच्याला वाट दिली.